रोजच्या सवयी आणि आरोग्याचे भांडवल : पोलादनगरी भिलाईचा अनुभव

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगाव आणि दुर्ग ही स्थानके मागे पडली की भिलाई येते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि त्यावेळच्या मध्य प्रदेशातील दुर्ग जिल्ह्याच्या या भातशेतीच्या मुलखात पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या धमनभट्टीचे उद्घाटन झाले. दहा लाख टन क्षमतेने सुरू झालेला हा प्रकल्प पुढे पंचवीस लाख आणि चाळीस लाख टनांपर्यंत विस्तारला. भारतीय रेल्वेचे रूळ म्हटले की भिलाईचे नाव निघते, ते याच कारणाने.

या कारखान्याच्या हिशेबात यंत्रांच्या घसाऱ्याला महत्त्वाचे स्थान आहे. धमनभट्टीच्या आतील उष्णतारोधक विटांचे अस्तर ठराविक काळाने झिजते, म्हणून त्याच्या दुरुस्तीचे वेळापत्रक वर्षानुवर्षे आधी आखले जाते. पट्टे, पंप, विद्युत मोटारी यांची तपासणी बिघाड होण्याची वाट न पाहता केली जाते. मात्र ही यंत्रे चालविणाऱ्या माणसाच्या शरीराचाही घसारा होत असतो आणि त्याची देखभालही अशीच नियमाने करावी लागते, याची नोंद समाजाच्या हिशेबात क्वचितच होते. दीर्घकाळ टिकणारे शारीरिक आरोग्य कोणत्या सवयींवर अवलंबून असते आणि त्या सवयी कोणत्या परिस्थितीत रुजतात, या दोन प्रश्नांचा विचार करण्यासाठी भिलाईसारखे दुसरे उदाहरण शोधून सापडणे कठीण.

आजारांचे बदललेले स्वरूप

भिलाईचा कारखाना सुरू झाला तेव्हा देशापुढील आरोग्याचे मुख्य प्रश्न हिवताप, देवी, क्षय, अतिसार आणि कुपोषण हे होते. देवीचे निर्मूलन झाले. इतर रोग पूर्णपणे हटले नसले तरी मृत्यूच्या कारणांमधील त्यांचा वाटा घटला. राज्यनिहाय रोगभाराच्या अभ्यासानुसार १९९० मध्ये देशातील एकूण मृत्यूंपैकी ३७.९ टक्के मृत्यू असंसर्गजन्य रोगांमुळे होत. २०१६ मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेले. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, दीर्घकालीन श्वसनविकार आणि कर्करोग हे आज सर्वाधिक मृत्यूंचे कारण आहेत.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने मधुमेह असलेल्यांची संख्या १०.१ कोटी, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३.६ कोटी असल्याचा अंदाज वर्तविला. उच्च रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांमध्ये ३५.५ टक्के आढळले. हे आजार एका रात्रीत होत नाहीत. दहा-वीस वर्षे शरीर त्यांची तयारी निमूटपणे करीत असते आणि पहिले ठळक लक्षण दिसते तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये माता व बालकांचा दीर्घ अभ्यास केला. भारतीय बालक जन्मतः वजनाने कमी असले तरी त्याच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे त्यातून पुढे आले. म्हणजे सडपातळ दिसणारी व्यक्ती सुरक्षित आहे, असे भारतात गृहीत धरता येत नाही. काट्यावरील वजनापेक्षा कमरेचा घेर पुष्कळदा अधिक खरे सांगतो. भातखाचरातून कारखान्यात आलेल्या पिढीच्या मुलानातवंडांसाठी या निष्कर्षाला विशेष अर्थ आहे.

आरोग्य हेही भांडवलच

अर्थशास्त्रज्ञ मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये आरोग्याकडे भांडवलाच्या दृष्टीने पाहण्याची मांडणी केली. त्यांच्या मते प्रत्येक व्यक्ती आरोग्याचा काही साठा घेऊन जन्माला येते. वयानुसार तो घटत जातो आणि आहार, व्यायाम, विश्रांती, उपचार या गुंतवणुकीमुळे त्याची भर होते. या साठ्यातून मिळणारे उत्पन्न म्हणजे निरोगी दिवस, ज्यांत माणूस काम करू शकतो, शिकू शकतो, आप्तांसोबत राहू शकतो.

या मांडणीतून सवयींचे महत्त्व स्पष्ट होते. एका दिवसाच्या चालण्याने रक्तदाब उतरत नाही, तसेच एका दिवसाच्या मिठाईने मधुमेह होत नाही. मात्र रोजची लहान रक्कम चक्रवाढ व्याजाने जशी मोठी होते, तशी रोजची लहान सवय वीस वर्षांनी मोठी होऊन समोर उभी राहते. अडचण अशी की या व्यवहारात खर्च आज आणि लाभ उद्या असतो. पहाटे उठण्याचा त्रास आजचा, न झालेला हृदयविकार मात्र कधीच दिसत नाही. उलट तंबाखूची चिमूट आज तरतरी देते आणि तिचे देणे फार उशिरा चुकवावे लागते. आजच्या सुखाला अधिक मोल देण्याचा हा मनुष्यस्वभाव केवळ उपदेशाने बदलत नाही. म्हणूनच चांगली सवय सोपी आणि वाईट सवय अवघड करणारी व्यवस्था उभी करावी लागते.

सायकलींचे शहर आणि चालण्याचा प्रश्न

भिलाईची वसाहत आखताना सेक्टरांची रचना करण्यात आली. रुंद, वृक्षाच्छादित रस्ते, प्रत्येक सेक्टरात शाळा व बाजार, मैदाने, आणि सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालय. पहिल्या काही दशकांत पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्याच्या प्रवेशद्वाराकडे सायकलींचा लोंढा लागत असे. कामावर जाणे हाच व्यायाम होता. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, वेगळा निश्चयही करावा लागत नव्हता. पुढे वेतन वाढले, स्कूटर आणि मोटारसायकली आल्या आणि हा व्यायाम दिनक्रमातून नकळत गळून पडला. कारखान्यातही यांत्रिकीकरण आणि संगणकीय नियंत्रण वाढले. पूर्वी अंगमेहनतीने होणारी अनेक कामे नियंत्रणकक्षात बसून होऊ लागली.

याचा परिणाम काय होतो, याचे उत्तर सत्तर वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. लंडनमधील दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांच्या तुलनेत जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. दोघांचे सामाजिक स्थान जवळपास सारखे, गाडी तीच. फरक होता तो शरीराच्या हालचालीचा. शारीरिक हालचाल आणि हृदय यांच्या नात्याचा आधुनिक अभ्यास येथून सुरू झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची शारीरिक हालचाल करावी आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करणारी कामे करावीत. दमछाक न होता बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने चालणे म्हणजे मध्यम तीव्रता. रोज दहा हजार पावलांचा जो आकडा सर्वतोमुखी आहे, त्याचा उगम १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावलमापकाच्या नावात आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार रोज सुमारे सात हजार पावले चालणाऱ्यांना, दोन हजार पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत, अकाली मृत्यूचा धोका जवळपास निम्म्याने कमी आढळतो. ज्यांना सात हजारही जमत नाहीत, त्यांनी दोनाचे चार हजार केले तरी लाभ होतो. याचा अर्थ असा की आरोग्यासाठी व्यायामशाळेचे सदस्यत्व अपरिहार्य नाही. बाजाराला पायी जाणे, मुलांना शाळेत पायी सोडणे, संध्याकाळी सेक्टरातील मैदानाला चार फेऱ्या मारणे यांतून ही गरज भागू शकते. अट एकच : पायी चालणाऱ्याला रस्त्यावर जागा आणि सावली हवी. भिलाईच्या वसाहतीत ती आखणीतच मिळाली. देशातील बहुसंख्य औद्योगिक वस्त्यांना ती मिळालेली नाही.

ताटातील समतोल

छत्तीसगढ हे भाताचे कोठार मानले जाते. रात्री शिजवलेला भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा, चटणी आणि भाजीसोबत खाण्याची ‘बासी’ ही येथील श्रमिकांची जुनी न्याहारी होय. २०२२ मध्ये कामगार दिनी राज्य शासनाने या अन्नाचा सन्मान म्हणून ‘बोरे बासी’ खाण्याचे आवाहन केले होते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचणाऱ्या प्रदेशात शरीराला पाणी आणि मीठ पुरविणारी ही न्याहारी शहाणपणाची होती. मात्र दिवसभर नांगरणाऱ्या शेतकऱ्याला जेवढा भात पचतो, तेवढा नियंत्रणकक्षात बसणाऱ्याला पचत नाही. श्रम बदलले, ताट मात्र तेच राहिले, ही आजच्या आहारविषयक प्रश्नाची मूळ अडचण आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दिवसभराच्या सुमारे २,००० कॅलरींच्या आहारासाठी २५० ग्रॅम तृणधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी अथवा अंडी-मांस, ३५ ग्रॅम सुकामेवा व तेलबिया आणि ३०० मिलिलीटर दूध असे प्रमाण सुचविले आहे. तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, असेही त्यांत म्हटले आहे. सर्वसामान्य कुटुंबाच्या ताटात भात किंवा पोळीचाच वाटा बहुतांश असतो. म्हणजे अन्न कमी करण्यापेक्षा ताटातील वाटण्या बदलणे अधिक गरजेचे ठरते.

हा बदल परक्या पदार्थांवर अवलंबून नाही. छत्तीसगढच्या आठवडी बाजारात चेंच, लाल भाजी, अमारी म्हणजे अंबाडी, चण्याचा कोवळा पाला, मुनगा म्हणजे शेवगा अशा पालेभाज्यांची रेलचेल असते. विदर्भातील वाचकाला यांतील अनेक भाज्या घरच्याच वाटतील. कोदो आणि कुटकी ही भरडधान्ये एकेकाळी येथील गरिबांचे अन्न होती. तांदूळ स्वस्त आणि मुबलक झाला तशी ती मागे पडली. राज्याने २०२१ मध्ये भरडधान्य अभियान हाती घेतले आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा या धान्यांना पुन्हा प्रतिष्ठा मिळू लागली. येथे किमतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सार्वजनिक वितरण व्यवस्थेने तांदळाची हमी देऊन उपासमार मागे हटविली, ही मोठीच उपलब्धी होय. परंतु डाळ, भाजी आणि फळे बाजारभावानेच घ्यावी लागतात. ज्या घरात पैसे मोजून खर्च करावे लागतात, तेथे पोट भातानेच भरले जाणार. हा अज्ञानाचा नव्हे, तुलनात्मक किमतींचा परिणाम आहे.

मिठाबाबतही असेच सावध राहावे लागते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सुमारे एक चहाचा चमचा मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचे, पापड, शेव, बाजारातील खारे पदार्थ यांतून मीठ नकळत पोटात जाते. भट्टीजवळ घाम गाळणाऱ्या कामगाराची गरज मात्र वेगळी असते. त्याने पाणी आणि क्षारांचे प्रमाण कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने ठरवावे. एकच नियम सर्वांना लावता येत नाही, हे आरोग्यशिक्षणात स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

तंबाखू, मद्य आणि सामूहिक निश्चय

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २००९-१० मध्ये छत्तीसगढमधील ५३.२ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत. २०१६-१७ च्या दुसऱ्या फेरीत हे प्रमाण ३९.१ टक्क्यांवर आले. घट लक्षणीय आहे, तरीही त्यावेळची राष्ट्रीय सरासरी २८.६ टक्के होती. बिडी आणि खैनीच्या जोडीला येथे ‘गुडाखू’चे व्यसन आहे. तंबाखू आणि गूळ यांचे हे दाट मिश्रण दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांना चोळले जाते आणि स्त्रियांमध्येही त्याचा प्रसार आहे. दंतमंजन म्हणून सुरू झालेली सवय दिवसातून अनेकदा लागणारी तलफ बनते. ती व्यसनात मोडते, हेच अनेकांच्या लक्षात येत नाही.

तंबाखू सोडण्याचा लाभ कोणत्याही वयात मिळतो. ब्रिटनमधील डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे चाललेला रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सांगतो की आयुष्यभर धूम्रपान करणारे सरासरी दहा वर्षे आधी मरण पावतात. तिसाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यांची ही दहाही वर्षे जवळपास परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षीही तीन.

मद्याच्या संदर्भात भिलाईच्या कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथील अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. पूर्वीच्या दुर्ग आणि आताच्या बालोद जिल्ह्यातील या खाणींमध्ये १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली कंत्राटी खाणकामगारांची संघटना उभी राहिली. आंदोलनांमुळे मजुरी वाढली. परंतु वाढीव मजुरीचा मोठा हिस्सा दारूच्या दुकानात जातो, हे थोड्याच दिवसांत दिसून आले. उत्पन्न वाढले म्हणजे कुटुंबाचे आरोग्य आपोआप सुधारते, या समजुतीला हा धक्का होता. तेव्हा संघटनेने दारूमुक्तीची मोहीम हाती घेतली. वस्त्यांमध्ये चर्चा झाल्या, स्त्रियांनी पुढाकार घेतला आणि हजारो कामगारांनी दारू सोडली. पुढे याच कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय सुरू झाले. डॉ. बिनायक सेन, डॉ. शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तेथे कामगारांसोबत राबले. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. रुग्णालय मात्र पुढेही चालू राहिले.

जे एकेकट्याला जमत नाही ते शेजारपाजार मिळून ठरवितो तेव्हा जमते, हा या प्रयोगाचा बोध. जगाच्या दुसऱ्या टोकाला फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतातही हेच दिसले. १९७२ मध्ये तेथे हृदयविकाराविरुद्ध लोकमोहीम सुरू झाली. गृहिणींच्या मंडळांनी पाककृती बदलल्या, दुग्धव्यवसायाने कमी स्निग्धांशाचे पदार्थ आणले, धूम्रपानावर निर्बंध आले. सुमारे चार दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. लोण्याचा देश आणि भाताचा देश यांच्या खाण्यात साम्य नाही, पण सवय बदलण्याची वाट दोन्हीकडे समाजातूनच गेली.

पाळीचे काम आणि झोप

धमनभट्टी कधीही बंद ठेवता येत नाही. त्यामुळे पोलाद कारखाना तीन पाळ्यांत अहोरात्र चालतो. कामगाराच्या शरीरातील जैविक घड्याळ मात्र सूर्योदय-सूर्यास्ताशी जोडलेले असते. रात्री जागताना खाल्लेले अन्न शरीर दिवसाइतक्या सहजतेने पचवू शकत नाही, रक्तातील साखर अधिक वेळ चढलेली राहते आणि दिवसाची झोप तुटक होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाची गणना संभाव्य कर्करोगकारक घटकांमध्ये केली आणि २०१९ मध्ये पुनर्विलोकनानंतर ती कायम ठेवली.

रात्रपाळी टाळता येत नसली तरी तिची हानी कमी करता येते. प्रौढांना दिवसाकाठी किमान सात तास झोप लागते. ती एका तुकड्यात मिळत नसेल तर दोन तुकड्यांत घ्यावी. मुख्य जेवण पाळीपूर्वी करून मध्यरात्रीनंतर हलकेच खावे. चहा पाळीच्या पूर्वार्धातच संपवावा. घरी परतल्यावर खोली अंधारी आणि शांत राहील, अशी व्यवस्था करावी. यातील शेवटची सूचना लिहायला सोपी आहे. तीन खोल्यांच्या घरात ती पाळता येते. एका खोलीत पाच माणसे राहत असतील तर दुपारच्या झोपेचे वेळापत्रक कोणाच्याच हाती राहत नाही.

एकाच फाटकातून दोन प्रकारचे कामगार

येथे भिलाईच्या अनुभवातील सर्वांत कळीचा भाग येतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून भिलाईच्या श्रमिक जीवनाचा प्रदीर्घ अभ्यास केला आणि २०२० मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ‘नोकरी’ असणारे कायम कामगार आणि ‘काम’ करणारे कंत्राटी कामगार हे दोन वेगवेगळे वर्ग बनले आहेत, हे त्यांचे प्रमुख निरीक्षण. १९८० च्या दशकात कारखान्याच्या पटावर साठ हजारांहून अधिक कायम कामगार होते. नंतरच्या काळात ही संख्या निम्म्याहून खाली आली आणि कंत्राटी कामाचे प्रमाण वाढले.

आरोग्याच्या दृष्टीने या भेदाचा अर्थ काय? कायम कामगाराला वसाहतीतील घर, सावलीचा रस्ता, मैदान, कारखान्याचे रुग्णालय आणि निवृत्तीनंतरची तरतूद मिळाली. चांगल्या सवयींना लागणारी परिस्थिती त्याच्या आयुष्यात आधीच मांडून ठेवलेली होती. कंत्राटी कामगाराकडे आजची मजुरी असते. उद्याची खात्री नसते. एक दिवस तपासणीसाठी घालविला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ज्याला भविष्याची शाश्वती नाही, त्याने वीस वर्षांनंतरच्या लाभासाठी आज गुंतवणूक करावी, ही अपेक्षा अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरत नाही. विसंगती अशी की चालण्याची कमतरता बहुधा पहिल्याला असते, तर विश्रांती, डाळ-भाजी आणि तपासणी यांची कमतरता दुसऱ्याला. म्हणून दोघांसाठी एकच उपदेशाचा फलक लावून भागत नाही.

प्रयत्न केल्यास कामाच्या ठिकाणी बदल घडतो, याचा भारतीय पुरावा उपलब्ध आहे. डॉ. दोराईराज प्रभाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील सहा उद्योगस्थळी कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आरोग्यशिक्षणाचा कार्यक्रम राबविला. एक उद्योगस्थळ तुलनेसाठी कार्यक्रमाविना ठेवले. फलक, पुस्तिका, समूहचर्चा आणि जोखीम अधिक असलेल्यांना व्यक्तिगत मार्गदर्शन असे त्याचे स्वरूप होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कार्यक्रम राबविलेल्या ठिकाणी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तशर्करा यांत सुधारणा दिसली. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींनी आहार आणि चालण्यात बदल केला, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. केवळ औषध घेणाऱ्या गटात झालेली घटही जवळपास तेवढीच, २६.४ टक्के होती.

तपासणीची सवय आणि सार्वजनिक जबाबदारी

उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे दोन्ही दीर्घकाळ लक्षणांविना राहतात. म्हणून तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि रक्तशर्करा तपासून घेणे ही दात घासण्याइतकीच आवश्यक सवय मानली पाहिजे. या बाबतीत छत्तीसगढच्या गाठीशी चांगली शिदोरी आहे. गावपातळीवरील ‘मितानिन’ या आरोग्यसखींची योजना राज्याने २००२ च्या सुमारास सुरू केली. २००५ नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या योजनेमागे तिचा अनुभव होता. आयुष्मान भारत योजनेतील पहिल्या आरोग्य व निरामयता केंद्राचे उद्घाटन १४ एप्रिल २०१८ रोजी याच राज्यातील बिजापूर जिल्ह्यातील जांगला येथे झाले. आज ही केंद्रे आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखली जातात आणि तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह व प्रमुख कर्करोगांसाठीची तपासणी हे त्यांचे नियत काम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रमसंहितांमध्ये कामगारांच्या विनामूल्य वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. ही तरतूद कंत्राटदाराकडील कामगारापर्यंत, त्याची मजुरी न बुडता पोहोचते की नाही, यावर तिचे यश ठरेल.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहावा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत उतरला. सुधारणा मोठी असली तरी मधुमेह किंवा मूत्रपिंडविकाराचा खर्च आयुष्यभर चालतो आणि एका कमावत्या माणसाच्या पक्षाघाताने अख्खे कुटुंब दारिद्र्यात लोटले जाते. त्या तुलनेत झाडांच्या सावलीतील पायवाट, सायकलींसाठी सुरक्षित मार्ग, उपाहारगृहात भातासोबत परवडणाऱ्या दरात डाळ आणि पालेभाजी, पाळ्यांचे सुसह्य चक्र आणि कामाच्या वेळेतच होणारी तपासणी यांचा खर्च अल्प आहे. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमापासूनच कायद्यात आहे. तेथे काय शिजते आणि कोणाला वाढले जाते, याकडे लक्ष देण्याची आता गरज आहे.

समारोप

चालणे, समतोल ताट, तंबाखू व मद्यापासून दूर राहणे, पुरेशी झोप आणि वर्षाकाठी एकदा तपासणी या पाच सवयींत नवे असे काहीच नाही. घरातील वडीलधारी माणसे यांतील बहुतेक गोष्टी सांगतच आली आहेत. नवीन आहे ती जाणीव की सवय ही केवळ व्यक्तीच्या निर्धाराची बाब नसून घर, रस्ता, मजुरी, किंमत आणि कामाचे तास यांच्या सांध्यातून ती घडते. व्यक्तीने आपल्या वाट्याचे पाऊल उचललेच पाहिजे, आणि ते आजपासून उचलता येते. मात्र त्या पावलाखाली रस्ता असणे ही समाजाची जबाबदारी आहे.

सहा दशकांहून अधिक काळ भिलाईने देशाला रूळ पुरविले. रुळांची देखभाल अपघात झाल्यावर नव्हे, तर अपघात होऊ नये म्हणून दररोज केली जाते. रुळांवरून दररोज पायी फिरून तडे शोधणाऱ्या रेल्वेच्या गस्तीवाल्याचे काम कोणालाही अनावश्यक वाटत नाही. ते रूळ घडविणाऱ्या हातांच्या बाबतीतही, मग ते हात कायम पटावरचे असोत की कंत्राटावरचे, हाच न्याय लागू झाला तर विकासाच्या ताळेबंदात आजवर राहून गेलेली एक महत्त्वाची नोंद पूर्ण होईल.